येळवस आणि दोन कोपी

डिसेंबर लागला की आपल्या हॉस्टेलमध्ये तीन गोष्टी हमखास होतात. गीझर बंद पडतो, सबमिशनची तारीख आठवडाभर अलीकडे येते आणि 'थर्टीफर्स्टला काय करायचं?' यावर रोज रात्री चर्चासत्र भरतं. २०२४ च्या डिसेंबरातही तेच चाललं होतं. कुणी केक सांगणार होतं, कुणी मेसच्या मावशींना पटवून गच्चीवर पावभाजी करणार होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी नाहीये. गावाकडे जाणार आहे."

"कशाला?"

"जेवायला!"

सगळ्या जणी हसल्या. दोन पेपरांमध्ये पाच दिवसांची गॅप, त्यात मॅथ्सचा पेपर, आणि ही बाई जेवायला गावाला चालली! पण मी खरंच जेवायलाच गेले होते. एक जेवण आमच्या शेतात झालं आणि दुसरं दीडशे-दोनशे किलोमीटर लांब, परक्या शेताच्या बांधावर. त्या दोन जेवणांबद्दलच लिहायचंय.

आधी थोडं स्वतःविषयी, म्हणजे माझ्या मराठीला तुम्ही जरा सांभाळून घ्याल. माझं गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराच्या अंगाला. पण पहिलीपासून मी पुण्यात, मामाकडे. शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड! त्यामुळे बारावी होऊन सीईटीच्या कृपेनं मी आपल्याच जिल्ह्यातल्या या कॉलेजात आले, तेव्हा ज्वारीचं कणीस कोणतं नि बाजरीचं कोणतं हे मला रूममेटनं शिकवलं. शेतकऱ्याच्या पोरीला! असो.

कॉन्व्हेंटमध्ये डिसेंबर म्हणजे मज्जा असायची. गोठ्याचा देखावा, कॅरोल्स, आणि सुट्टी लागायच्या दिवशी प्रत्येकीच्या हातावर प्लम केकचा एकेक तुकडा. आम्हाला मॉरल सायन्स शिकवणाऱ्या सिस्टर काही वर्षं मनिलाला राहून आलेल्या होत्या. फिलिपिन्समधल्या नाताळाच्या गोष्टी त्या इतक्या रंगवून सांगायच्या, की शेवटच्या तासालाही भूक लागायची. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तिथले लोक पहाटे अंधारात उठून चर्चला जातात. बाहेर आलं की दारातच गरम गरम बिबिंका मिळतो. बिबिंका म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक. तो केळीच्या पानावर, खाली निखारे नि वर निखारे ठेवून भाजतात. चोवीसच्या मध्यरात्री अख्खं घर एकत्र जेवतं, त्या जेवणाला 'नोचे बुएना' म्हणतात. एकतीस तारखेच्या रात्री टेबलावर बारा गोल फळं मांडतात. गोल म्हणजे नाण्यासारखी, म्हणजे येणारं वर्ष पैशाचं जावं!

पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. सिस्टर म्हणाल्या होत्या, "तिथे कितीतरी घरांत आई नाही तर बाबा परदेशात कामाला असतात. कुणी नर्स, कुणी जहाजावर, कुणी लोकांच्या घरी. नाताळला यायला मिळत नाही. मग ते कित्येक आठवडे आधी एक मोठा खोका भरून बोटीनं पाठवतात. चॉकलेट, डबाबंद मटण, साबण, बूट... माणूस येत नाही, खोका येतो."

मग सिस्टरनी आम्हाला विचारलं, "तुमच्या घरी वर्षाच्या शेवटी काय करतात?" मुलींनी गोवा, महाबळेश्वर असं काय काय सांगितलं. मी "नथिंग, सिस्टर" म्हणून खाली बसले. खरं तर मला माहीत होतं. लहानपणी दोनदा मी येळवसेला गावी गेले होते. पण शेतात मातीत बसून, मडक्यातलं आंबट काहीतरी हातानं ओरपायचं, हे इंग्लिशमध्ये कसं सांगणार? आणि सांगितलं तर मुली हसणार! आज त्या 'नथिंग'ची लाज वाटते.

तर, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष महिन्याची अमावस्या. ही डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाही तर जानेवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे ऐन वर्षअखेरीला. लातूर, धाराशिव आणि आपल्या बीड जिल्ह्याचा अंबाजोगाई-परळीकडचा भाग ही तिची हद्द. शेजारच्या कर्नाटकातही ती असते. तिकडे 'एळ्ळु अमावास्ये' म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. दुपारी शहरातले रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस, कारण सगळे शेतात! आणि गंमत बघा, आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीची माझी रूममेट मला विचारते, "वेळ अमावस्या म्हणजे काय गं?" जिल्हा एक, पण पानात वाढलेलं वेगळं.

हे दिवस रब्बीचे. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. पीक उभं आहे पण घरात यायचंय. अशा वेळी शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करायची, तिला जेवू घालायचं आणि तिच्याच मांडीवर बसून आपण जेवायचं. या सणाचा सगळा अर्थ एवढाच. जी जमीन आपल्याला पोसते, तिथं जाऊन जेवायचं. हे वाक्य आज्जीचं आहे, माझं नाही. ते पुढे लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

२०२४ ला येळवस ३० डिसेंबरला होती, सोमवारी. मी रविवारी दुपारी घरी पोचले तेव्हा आज्जी ओसरीवर शेंगांच्या ढिगात बसली होती. "आलीस का? हात धू नि बस सोलायला," हे स्वागत! भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, बरं का. आमची भज्जी ही एक आख्खी बाजारपेठ असते. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, पावटा, भुईमूग, वांगी, गाजर, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, हिरवी चिंच, असेल तर बोरंसुद्धा! त्या हंगामात रानात जे जे हिरवं आहे ते सगळं तिच्यात पडलं पाहिजे. आधी दाणे शिजवायचे, मग भाज्या, आणि शेवटी आंबट ताकात कालवलेलं डाळीचं पीठ सोडून घोटायचं. वरून हिरवी मिरची आणि लसणाची फोडणी. रंग फारसा देखणा नसतो हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण चव! आंबट, तिखट, आणि प्रत्येक घासाला वेगळा दाणा दाताखाली.

तिच्यासोबत बाजरीचे उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे. (हेही गोलच! मनिलावाल्यांनी नोंद घ्यावी.) शिवाय गव्हाची गुळातली खीर, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी आणि आंबील. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवायचं, मग ते शिजवून निवू द्यायचं आणि त्यात ताक, लसूण, जिरं, मीठ घालायचं. ते भरायचं मातीच्या मडक्यात. पहाटे दोनपर्यंत आज्जी, आई आणि मी चुलीशी होतो. मी कांद्याची पात चिरली तर आज्जी म्हणाली, "येवढी बारीक कशाला? हे काय हाटेल हाय व्हय?"

केमिस्ट्रीच्या डोक्यानं विचार केला तर यात किती शहाणपण आहे! तृणधान्यात जे ॲमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत असतं, म्हणून बाजरी नि दाणे एकत्र. आंबवणं हे जिवाणूंचं काम, म्हणून आंबील पचायला हलकी. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा आपल्या मेसमध्येही एकदा बाजरीची भाकरी झाली होती, आठवतंय ना? आज्जीला हे सांगितलं तर म्हणाली, "बाजरीचं वर्ष? मग बाकीच्या वर्षी लोक काय खातेत?"

सकाळी शेतावर गेलो. पप्पांनी ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी केली होती. कोपी म्हणजे छोटं खोपटं, एक माणूस वाकून आत बसेल एवढं. वरून आईची जरीची साडी पांघरली. आत पाच दगड धुऊन, चुना लावून मांडले. ते पाच पांडव. त्यांच्यापुढे भज्जी, उंडे, खीर असा नैवेद्य. पूजा झाल्यावर पप्पा पुढे आंबील शिंपडत नि बाकी सगळे मागून ओरडत, अशी शेताला फेरी झाली. ओरडायचे शब्द कानडी वळणाचे. अर्थ विचारला तर कुणालाच धड सांगता येईना, पण आवाज मात्र सगळ्यांचा एकदम मोठा. मग पंगत. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, "या, भज्जी खाऊन जा!" ज्याला शेत नाही त्याला आधी बोलवायचं, ही रीत. संध्याकाळी दिवेलागणीला पेटती पेंढी घेऊन पोरं शेताच्या बांधानं पळाली.

इथवर सगळं छान. निबंधात लिहितात तसं. पण जेवताना मला एक गोष्ट खटकत होती. पंगतीत म्हातारी माणसं होती आणि लेकरं होती. मधली माणसंच नव्हती. शेजारच्या शेतात तेच, त्याच्या पलीकडच्या शेतात तेच. आमच्या गावातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात, कारण मंडळी ऊसतोडीला गेलेली असतात. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. इथून दर वर्षी लाखोंनी माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. वाचकांपैकी किती जणांच्या घरात हे आहे, ते आपल्या मेसमध्ये कधी कुणी विचारत नाही.

माझे चुलते, नाना, आणि काकू त्यातलेच. त्यांचा मुलगा, सातवीतला, आज्जीजवळ राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. तो पंगतीत माझ्या शेजारी बसला होता आणि खीर न खाता वाटी तशीच झाकून ठेवत होता. "खा की रे." "आईला न्यायची हाय." मला वाटलं, लेकरू काहीतरी बोलतंय. पण आज्जीनं खरंच ठरवलं होतं. पोराला परत रानाकडे पाठवणं चुकीचं, शाळा बुडते, असं पप्पा म्हणत होते. पण आज्जीपुढे कुणाचं चालतं? "माज्या लेकाच्या तोंडात येळवसेचा घास पडला पाहिजे. दुसऱ्या दिवशीची भज्जी जास्तच गोड लागती. जावा."

म्हणून ३१ डिसेंबरला, हॉस्टेलच्या गच्चीवर तयारी चालली असेल तेव्हा, मी, पप्पा आणि धाकटा एसटीत होतो. माझं अर्धं तिकीट, त्याचंही अर्धं. त्याच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला भज्जीचा डबा, माझ्या पायाशी आंबिलीचा कॅन. केज, बार्शी, कुर्डुवाडी करत पंढरपूरच्या अलीकडे उतरायचं होतं. बार्शीच्या पुढे कंडक्टरनं वास घेतला नि थांबला. "येळवस का?" ते लातूरकडचे निघाले. ड्यूटीमुळे घरी जायला मिळालं नव्हतं. पप्पांनी त्यांना एक उंडा आणि द्रोणात थोडी भज्जी दिली. उभ्याउभ्या खाल्ली त्यांनी. मग तिकिटाच्या मशीनला हात लावण्याआधी बोटं पुसत बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

उतरलो तेव्हा अंधार पडला होता. नाना घ्यायला आले होते. उसाच्या फडाच्या कडेला ओळीनं चौदा खोपटी. बांबूच्या कामट्या, चटया, वरून ताडपत्री, कडेनं उसाचं पाचट. वीज नाही. दार म्हणजे जुनी साडी. "ही आमची कोपी," नाना म्हणाले.

मी थबकलेच. तोच शब्द! काल सकाळी शेतात देवासाठी केली तीही कोपी, आणि सहा महिने माणसं राहतात तीही कोपीच. कालची एका दिवसाची, हौसेची. ही हंगामभराची.

आणि कोपीच्या दाराशी, उजव्या बाजूला, पाच दगड होते. काकूनं नदीतून आणलेले. त्यांना लावायला चुना कुठला? नानांच्या तंबाखूच्या चुन्यानं पाचही दगड रंगवलेले! पुढे पानावर वाळलेली भज्जी. आठवडी बाजारातून वाटाणा नि वांगी आणून तिनं आपल्यापुरती केलेली. मी म्हटलं, "काकू, शेत तर दुसऱ्याचं आहे ना?" ती म्हणाली, "शेत दुसऱ्याचं असंना. सहा म्हयने खायला कोण घालतंय? ह्याच मातीला नको का द्यायला?"

मी डबा उघडला. एका घरापुरती भज्जी होती आणि काकूनं चौदा कोप्यांना हाक मारली. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन घास. वडवणीचे होते, धारूरचे होते, पाटोद्याचे होते. काहींकडे हा सणच नसतो. त्यांनीही प्रसादासारखी हातावर घेतली. एक आजोबा चावता चावता म्हणाले, "तूर ओली हाय. औंदा पाऊस बरा झाला म्हणा की आपल्याकडं." दोन घासांत माणसाला गावाकडचा पाऊस कळतो, हे मला कुठल्याही लेक्चरला कळलं नसतं.

जेवणानंतर शेकोटीशी बसलो. धाकटा आईच्या मांडीवर डोकं ठेवून खिरीची हकीकत सांगत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकू, यंदा उचल किती घेतली?" उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्यावर उचल. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. न फिटली तर पुढच्या सालावर. काकूनं आकडा सांगितला आणि हसत म्हणाली, "ही यंदाची घराच्या पत्र्यासाठी. तुज्या हॉस्टेलाचा ऊस तर गेल्या सालीच तोडून झाला की!"

शेकोटीभोवती सगळे गप्प झाले. पप्पा काटकीनं निखारे सारखे करू लागले. काकूच्याही लक्षात आलं की मला हे माहीत नव्हतं.

२०२३ साली पावसानं दडी मारली होती. आमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला. सोयाबीन गेलं. त्याच वर्षी माझं ॲडमिशन. शिष्यवृत्तीचे पैसे मागाहून येतात, पण हॉस्टेल आणि मेसचे मात्र आधी भरावे लागतात. चाळीस हजार. पप्पा म्हणाले होते, "झालं काम." पप्पांचं गावात शिलाईचं दुकान आहे आणि मी समजले होते की दिवाळीची शिलाई चांगली झाली असेल. विचारलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये 'थँक यू' म्हणायला शिकवतात, पण पैसे कुठून आले हे विचारायला शिकवत नाहीत.

त्या रात्री झोप आली नाही. चटईवर पडून मी डोक्यात गणित मांडलं. आपल्याला दुसरं येतं काय? २०२४ च्या जानेवारीत करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली होती, म्हणजे टनाला साधारण ३६६ रुपये. चाळीस हजार भागिले ३६६. एकशे नऊ टन. नाना-काकू मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर पंचावन्न दिवस. तोडायचा, सोलायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. हे चढणं काकू करते. पंचावन्न दिवस! आणि मी फर्स्ट इयरला मेसची भाजी आवडली नाही म्हणून किती वेळा ताट तसंच सरकवलं, ते मोजता येत नाही.

मग मला आज्जीचं वाक्य आठवलं. जी जमीन आपल्याला पोसते, तिथं जाऊन जेवायचं. त्या हिशेबानं माझं शेत कोणतं? गावाकडचं चार एकर कोरडवाहू की हा परक्याचा उसाचा फड? मला वाटतं, कळत नकळत मी त्या रात्री अगदी योग्य ठिकाणी जेवले होते. बारा कधी वाजले कळलंच नाही. लांब कुठेतरी फटाके उडाले. कोप्यांमध्ये सगळे झोपलेले होते, कारण चारला उठायचं होतं. कारखान्याला एक जानेवारी नसते.

सकाळी जाग आली तेव्हा नाना-काकू फडात गेलेले होते. धाकटा आधीच उठून कोपीच्या दारात बसला होता. रडत नव्हता. समोर आमचा डबा, घासून लख्ख. काकूनं तो रिकामा परत पाठवला नव्हता. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा देत नाहीत. आत उसाच्या सोललेल्या कांड्या होत्या, एकसारख्या कापलेल्या. परतीच्या एसटीत त्यानं एक मला दिली, एक पप्पांना दिली आणि बाकीच्या आज्जीसाठी ठेवल्या.

सिस्टर, तुम्ही सांगितलेली खोक्याची गोष्ट मला त्या एसटीत आठवली. तिकडे लांब गेलेली माणसं घराकडे खोका पाठवतात. आमच्याकडे घर लांबच्या माणसाकडे डबा पाठवतं. आणि डबा परत येतो तोही भरून येतो. आता पुन्हा कुणी विचारलं, तर 'नथिंग' म्हणणार नाही.

२०२५ ला येळवस १९ डिसेंबरला आली. या वेळी मात्र पेपरांमुळे जाता आलं नाही. मग आम्ही चौघींनी मेसच्या मावशींना गाठलं. आश्चर्य म्हणजे मावशी लातूरकडच्या निघाल्या! दोन वर्षं त्यांच्या हातचं खातोय आणि त्यांचं गाव विचारलं नव्हतं. त्यांनी एक शेगडी मोकळी करून दिली. आष्टीकरणीनं दाणे सोलले, मी पीठ कालवलं आणि गुठळ्या केल्या. भज्जी पातळ झाली, उंडे फुटले, चिंच जास्त पडली. तरी पातेलं पुसून खाल्लं. आंबट होती, फार आंबट होती. मावशींनी एक चमचा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पोरींनो, पुढच्या साली मला आधी सांगा."

रात्री नानांना फोन लावला. रेंज नव्हती. चार वेळा लावल्यावर काकू बोलली. "जेवलीस का?" तिचा पहिला प्रश्न. म्हटलं, "जेवले, काकू. भज्जी केली होती." पलीकडून काही ऐकू येईना. वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, ओरडून कोपीत सांगत होती, "अवो, ऐकलं का? पोरीनं तिकडं भज्जी केली म्हणं!"

या वर्षी अधिक महिना आहे, त्यामुळे पुढची येळवस लांबून जानेवारी २०२७ मध्ये येईल. तेव्हा मी फायनल इयरला असेन. पेपर असोत, प्रोजेक्ट असो, मी जाणार आहे. डबा भरलेला असेल. कुणाला यायचं असेल तर आधी सांगा, आज्जीला दाणे सोलायला माणसं लागतातच.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)